सपाट माप

ठासणीच्या बंदुकीत दारू मापाने भरावी की तोलून, हा वाद इथे पेनसिल्व्हेनियातल्या नेमबाजीच्या मैदानांवर कायम रंगतो. मी मापाच्या बाजूचा आहे, आणि तो निव्वळ रिवाज म्हणून नव्हे. माझ्याकडे चांगला तराजू आहे. त्याच्याशिवाय मला माझं माप कळलंच नसतं. पण तराजूची जागा घरातल्या टेबलावर, आणि बंदूक भरताना हातात असायचं ते माप, असं माझं ठाम मत आहे.

माझी बंदूक चकमकीची. लँकेस्टर भागातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात जी लांब नळीची रायफल घडवली, त्याच घडणीची नवी बनावट. नळी ४२ इंच, भोक अर्ध्या इंचाचं. या राज्यात १९७४ साली नाताळनंतरचा चकमकीच्या बंदुकांचा खास शिकारी हंगाम सुरू झाला. ही हत्यारं भिंतीवर टांगून न राहता वापरात राहिली ती त्यामुळेच. आमच्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आजही बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे गज आणि रंजक या गोष्टी मला इथे येऊन नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत. माप मात्र मी इथेच शिकलो.

दारू पोकळ शिंगात बाळगायची, पण शिंगातून ती थेट नळीत ओतायची नसते, हा पहिला नियम. मागच्या बाराची एखादी ठिणगी नळीच्या तळाशी धुमसत राहिलेली असेल, तर अख्खं शिंग हातात फुटेल. म्हणून शिंग आणि नळी यांच्या मध्ये माप आलं. एका बाराची दारू मापात घ्यायची, शिंगाचं बूच लावायचं, शिंग बाजूला करायचं, मगच माप नळीत रिकामं करायचं. म्हणजे माप मुळात जीव वाचवण्यासाठी आहे. मोजण्याचं काम ते जाता जाता करतं.

माझं माप पितळेचं. एक छोटी नळी, तिच्यात खालून सरकणारी दांडी, दांडीवर दहा-दहा ग्रेनच्या खुणा, आणि तोंडावर बाजूला फिरणारं नरसाळं. मी ते शिगोशीग भरतो, अंगठ्याच्या नखाने तीन टिचक्या मारतो, की वरचे दाणे खाली बसतात. मग पुन्हा थोडी दारू घालून नरसाळं फिरवतो. नरसाळ्याची कड वरची शीग कापून नेते आणि खाली सपाट, काळी चमकदार थाळी दिसते. ग्रॅफाइट चोळलेले दाणे असतात ते, उन्हात शिशाच्या पेन्सिलीच्या टोकासारखे लकाकतात. टिचक्या मारल्या नाहीत तर त्याच खुणेवर दारू दोन-तीन ग्रेन कमी बसते. तेव्हा टिचक्या माराव्यात की मारू नयेत याला फारसं महत्त्व नाही. जे कराल ते दर बाराला तसंच झालं पाहिजे.

पुढचं सगळं या सारखेपणावरच चालतं. ४२ इंचांच्या उभ्या नळीतून घरंगळत जाताना दाणे आपसूक नीट बसतात. मी नळीवर बाहेरून दोनदा थोपटतो, तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी तोंडावर ठेवतो आणि गजाने तळापर्यंत ठासतो. गजावर खूण आहे. ती खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर गोळी दारूवर बसलेली नाही असं समजायचं आणि बार काढायचा नाही. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, क्वचित फाटते. दारू ग्रेनभर कमीजास्त झाली म्हणून कुणाची नळी फाटलेली नाही.

माप पुरतं याचं कारण काळ्या दारूच्या स्वभावात आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू प्रत्येक दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. ती किती झपाट्याने जळेल हे मुख्यतः दाण्याचा आकार ठरवतो. म्हणून डब्यावर एफची अक्षरं असतात: दोन एफ जाड, तीन एफ बारीक, चार एफ कानाशी ठेवायची रंजक. दोन एफच्या जागी तीन एफ घातली तर माप तेच ठेवूनही जोर लक्षणीय वाढतो. त्यापुढे एखाद्या ग्रेनचा फरक किरकोळ. एक पाउंड म्हणजे ७००० ग्रेन, म्हणजे ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. माझा बार ७० ग्रेनचा. त्यात एक ग्रेन इकडे-तिकडे झाला तर दीड टक्का. आणि जळल्यावर या दारूचं निम्म्याहून अधिक वजन घन अवशेषाच्या रूपाने उरतं, काही धुरात जातं, काही नळीत चिकटतं. मागच्या बाराची काजळी, कापडाला लागलेलं तेल, गजावर दिलेला दाब, या तिघांमुळे गोळीच्या वेगात जो फरक पडतो, त्यात हा दीड टक्का हरवून जातो.

आधुनिक, धूर न करणाऱ्या दारूचं असं नाही. तिच्या बाबतीत तराजू सक्तीचाच, कारण थोड्या वाढीने दाब भलताच चढतो. ठासणीच्या बंदुकीत तर ती चिमूटभरही जाता कामा नये. सध्या तिच्यासाठी खास बांधलेल्या मोजक्या बंदुका मिळतात, पण त्यांचा नियम आपल्या बंदुकीला लावायचा नाही.

खरा गोंधळ होतो तो ग्रेनवरून. मैदानावर एक मराठी तरुण येतो, संगणकातला, हिशेबाला पक्का. त्याने टोपीची ठासणीची बंदूक घेतली आणि तिच्यासाठी पायरोडेक्स या काळ्या दारूला पर्यायी दारूचा डबा आणला. मला म्हणाला, "काका, पुस्तकात ग्रेन, मापावर ग्रेन, तराजूवरही ग्रेन. मग तोलून घातली तर जास्त अचूकच होणार ना?"

मी त्याला विचारलं, "तुझ्या आजीकडे पायली होती?"

होती म्हणाला. मग समजावणं सोपं गेलं. आपल्याकडे चार शेरांची पायली, तिची निम्मी अधोली, शेराची निम्मी मापटी आणि पाव चिपटं, ही सगळी मापं पोकळीची. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांचं वजन एक भरत नाही, तरी दोन्ही पायलीभरच. ठासणीच्या मापावरच्या खुणाही तशाच. "१०० ग्रेन" या खुणेचा अर्थ इतकाच की, खरी काळी दारू १०० ग्रेन वजनाची घेतली तर ती जेवढी जागा व्यापेल तेवढी ही जागा. त्या जागेत दुसरं काही भरलं, तरी तिचं नाव १०० ग्रेनच राहतं.

पायरोडेक्स १९७६ साली बाजारात आली, आणि ती मुद्दामच या मापांना जुळेल अशी बनवलेली आहे. खुणेच्या १०० वर ती साधारण ७० ते ७५ ग्रेनच भरते, पण काम काळ्या दारूच्या १०० ग्रेनच्या जवळपास करते. त्या मुलाने तराजूवर १०० ग्रेन मोजून घातली असती तर ती मापाच्या हिशेबाने १४० च्या घरात गेली असती. बहुतेक पारंपरिक बंदुकांना कारखाना एवढी मुभा देत नाही. पुढे ट्रिपल सेव्हन आली. ती मापानेच भरायची, पण जोरदार असल्यामुळे मापही कमी धरायचं. ब्लॅकहॉर्न २०९ मापाने १०० घेतली की वजनाने सुमारे ७० भरते, आणि तिला शॉटगनच्या काडतुसातली टोपी लागते. चकमकीच्या ठिणगीवर यांतलं काहीच भरवशाने पेटत नाही, त्यांना पेटायला उष्णता जास्त लागते. म्हणून माझ्या शिंगात खरी काळी दारूच असते.

तोलणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी राष्ट्रीय ठासणी रायफल संघटनेचं मैदान आहे, संघटना १९३३ ची. तिथल्या बाकावरून नेम धरणाऱ्या स्पर्धकांत घरी एकेक बार तोलून छोट्या नळ्यांत बंद करून आणणारे आहेत. त्यांची बंदूक बाकावर स्थिर, नळी दर बारानंतर पुसलेली, गोळ्याही तोललेल्या. बाकीचे सगळे फरक त्यांनी आधीच मिटवलेले असतात, म्हणून उरलेला एक ग्रेन त्यांना दिसू शकतो. उभ्याने, खांद्यावरून, डिसेंबरच्या वाऱ्यात बार काढणाऱ्याला तो दिसणार नाही. त्या वाऱ्यात तराजूचा आकडासुद्धा ठरत नाही.

कारखाना मात्र पहिल्यापासून तोलत आला. इथून खाली डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठी १८०२ साली ड्यू पाँ यांनी दारूच्या गिरण्या उभारल्या, तिथे आता हॅग्ली संग्रहालय आहे. गिरण्यांच्या तीन भिंती जाड दगडाच्या आणि नदीकडची बाजू मुद्दाम कच्ची, स्फोट झालाच तर पाण्याकडे जावा म्हणून. मिश्रण वजनाने, पिंपं वजनाने, किंमत वजनावर. दारूची परीक्षा घ्यायलाही ठरावीक वजनाची दारू छोट्या उखळी तोफेत भरून जड गोळा किती दूर जातो ते पाहत. वापरणाऱ्याच्या हातात आली की तीच दारू मापाची होई. सतराव्या शतकातले युरोपी बंदूकधारी छातीवरच्या पट्ट्याला लाकडी कुप्या अडकवत, एका कुपीत एक बार. अमेरिकेतला शिकारी हरणाच्या शिंगाचं टोक पोखरून आपल्याच बंदुकीपुरतं माप करून घेई. त्याच्यावर एकही आकडा नसे आणि त्याची गरजही नव्हती.

आज आकडा लागतो, कारण डबे बदलतात. इथे बरेच जण गोएक्स दारूवर वाढलेले. ती पूर्वी याच राज्यातल्या मूझिकमध्ये बनायची, १९९७ नंतर लुइझियानात. २०२१ मध्ये तो कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली, तेव्हा अनेकांनी मिळेल ती दारू घेतली, त्यात स्विस दारूही होती. पुढे गोएक्स नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाली, पण तोवर लोकांच्या शिंगांत दुसरी दारू गेलेली होती. स्विस दारू दाट असते आणि जोरदारही. जुन्या ७० च्या खुणेवर ती वजनाने जास्त भरते आणि वजनामागे जोरही जास्त देते. इथे मापाचा भाबडा अभिमान कामाचा नाही, इथे तराजू हवाच.

म्हणून त्या मुलाला मी माझी पद्धत सांगितली. नवा डबा आणला की टेबलावर बसायचं, माप नेहमीसारखं टिचक्या मारून भरायचं, सपाट करायचं, असे दहा बार एकत्र तोलायचे आणि दहाने भागायचं. डबा बदलला असेल तर आधीच्या खुणेपेक्षा दहा ग्रेन खाली उतरायचं, पन्नास यार्डांवर कागद लावायचा आणि गोळ्या जिथे एकत्र पडू लागतील तिथे थांबायचं. कारखान्याने सांगितलेली मर्यादा ओलांडायची नाही. मग डब्यावर मार्करने लिहायचं: दारूचं नाव, एफ किती, मापाची खूण, त्या खुणेचं वजन, तारीख. शिंग भरायचं ते त्यानंतर.