अप्रत्यक्ष कथन

शाळेच्या व्याकरणात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन असे दोन प्रकार शिकवले जातात. आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेले की काय होते, हे मात्र आम्हांस कचेरीत समजले.

परदेशी प्रकाशकांसाठी अक्षरजुळणी करणाऱ्या पुण्यातील एका लहानशा कचेरीत आम्ही मुद्रितशोधन करीत असू. तिथल्या फोनला सांकेतिक आकड्याचे कुलूप होते आणि तो आकडा फक्त मालकांना ठाऊक असे. ई-मेलही त्यांच्याच संगणकावरून जाई. लंडनच्या संपादकाला शंका विचारायची तर ती चिठ्ठीवर लिहून मालकांकडे द्यायची. उत्तर दुसऱ्या दिवशी, त्यांच्या शब्दांत, मिळायचे.

भारतात इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. ऑगस्ट २००३मध्ये स्काइप आले. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाशी बोलणे फुकट होते, म्हणून मालकांनी खर्च वाचवण्यासाठी ते बसवून घेतले. फुकट वस्तूला कुलूप कोण लावणार? हेडफोन आमच्या टेबलांवर आले.

आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी पहिल्याच दिवशी संपादकांना विचारले, हा अर्धविराम लेखकाचा की टंकलेखकाचा? लेखकाचाच, राहू द्या, असे उत्तर आले. आणि पाठोपाठ त्यांनी बाईंचे नाव विचारले. बाईंच्या खुणा ते कित्येक वर्षे पाहत आले होते.

परंतु त्याच पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवा ठिपका होता. माणूस जागेवर आहे की नाही, हे तो जगाला सांगे. लंडनची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. ठिपका हिरवा दिसला की तिकडून हाक येई आणि कचेरी सुटण्याची वेळ पुढे सरके. पूर्वी आम्ही कोणाला ऐकू जात नव्हतो, आता सतत दिसू लागलो.

मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप बंद केले. ठिपका मात्र इतर प्रणालींत टिकून आहे. चिठ्ठीच्या काळाकडे परतावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. आपला प्रश्न आपल्याच आवाजात विचारता येणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र कुलपाचा आकडा कोणापाशी, हे विचारणे जितके रास्त होते, तितकेच हा ठिपका कोण पाहतो आणि तो कधी विझवता येतो, हे विचारणेही रास्त आहे. बोलण्याचा हक्क गप्प राहण्याच्या हक्काविना अपुराच असतो.