साथीची पेटी

नागपूरचा वैशाख हा पेटीवाल्यांचा वैरी. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घोटाळू लागला, म्हणजे लाकूड सुकते, सांधे उकलतात, भात्याचे कातडे कडक होते आणि कोठून तरी हवा गळू लागते. पावसाळ्यात याच्या अगदी उलट! पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात आणि दाबलेली पट्टी वर येण्याचे नाव घेत नाही. त्यामुळे महालातील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या त्या वृद्ध पेटीवादकांकडे वैशाखात वादन थोडे आणि दुरुस्तीच फार चाले. वय पंच्याऐंशीच्या घरात. पण बोटे अजून सरळ. सारी आळी त्यांना 'मास्तर' म्हणून ओळखी.

त्या दुपारी पेटीचे झाकण काढलेले होते. आत पितळेच्या पातळ जिभांची रांग दिसत होती. पेटीवाले यांनाच 'सूर' म्हणतात. भात्यातून आलेली हवा या जिभेला थरथरवते आणि त्यातून स्वर उमटतो. मास्तरांचे जुने सोबती, एक तबलजी, भिंतीला टेकून पंख्याने वारा घेत होते. पेटी शिकायला येणारा सातवीतील एक मुलगा खाली वाकून ती रांग न्याहाळीत होता.

"मास्तर," त्याने विचारले, "आजोबा सांगत होते, पूर्वी रेडिओवर पेटी वाजवू देत नसत. खरे का हो?"

तबलजी मिश्किलपणे हसले. "अजी मास्तर, सांगा आता. पोराने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले."

मुलाने ऐकलेले खरेच होते. १९४० सालच्या मार्च महिन्यापासून आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून वगळले. नभोवाणीच्या पाश्चात्य संगीत विभागातील जॉन फोल्ड्स यांनी त्यापूर्वी दोन वर्षे या वाद्यावर कडक टीका केली होती. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ते रुचत नसे. पुढे देश स्वतंत्र झाला. १९४८ मध्ये नागपुरात आकाशवाणीचे केंद्र निघाले. परंतु पेटीवरील बंदी तशीच राहिली. ती काही अंशी सैल झाली, ती १९७१ साली. म्हणजे सुमारे एकतीस वर्षे हे वाद्य कीर्तनात होते, भजनात होते, नाटकात होते, शाळेच्या प्रार्थनेत होते. नव्हते ते केवळ नभोवाणीवर. आश्चर्य असे, की घरोघरी मुले ज्या वाद्यावर पहिला 'सा' ओळखावयास शिकत, त्याच वाद्याला रेडिओचे दार बंद होते!

मास्तर त्या काळी पंचविशीत होते. गणेशोत्सवात ज्या गायकाला त्यांनी रात्रभर साथ केली, तोच गायक चार दिवसांनी रेडिओवर गाई आणि त्याच्या मागे सारंगी वाजे. मास्तर शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून ते गाणे ऐकत. "आणि यांची बोटे मांडीवर चालत," तबलजी म्हणाले, "मी स्वतः पाहिले आहे. मी मात्र आत जाऊन वाजवून येई. चार रुपये मिळत, नावही घेतले जाई. परत आलो, की यांच्याकडे पाहण्याची चोरी वाटे."

"पण मास्तर, ते लोक चुकलेच ना?" मुलाच्या स्वरात राग होता.

मास्तरांनी कानशी खाली ठेवली. "नाही रे बाळ. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. हे वाद्य मूळचे आपले नव्हे. १८४० च्या सुमारास ते पॅरिसमध्ये निघाले. तेथे ते पायांनी वारा भरून वाजवीत. पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी आपल्या बैठकीला सोयीची हातपेटी घडवली. पण तिच्या एका सप्तकात पट्ट्या बाराच. गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो, तो घसरत, मींड घेत. पेटीला मात्र पायरीपायरीनेच चढावे लागते. दरबारी कानड्यातला कोमल गांधार कसा हेलकावे घेतो, ऐकलास ना? तो या बारांपैकी कोणत्या पट्टीत सापडेल?"

मुलाने पट्ट्यांकडे पाहिले आणि मान हलवली.

"मग तेथे तुम्ही काय वाजवता?"

"काही नाही."

मुलाला हे उत्तर थट्टेचे वाटले; पण मास्तर गंभीर होते. "गवई त्या गांधारावर आला, की आपण रिषभावर थांबायचे, बोट हलके करायचे, भाता मंद ठेवायचा. जो स्वर आपल्यापाशी नाही, तो असल्याचा आव आणला, की रंगाचा भंग झालाच. गवयाने तान घेतली, की तिच्या मागोमाग जायचे. पुढे धावायचे नाही. तो श्वास घेईल, तेवढी जागा भरून काढायची. आणि त्याने 'सा' लावला, की आपला 'सा' त्याच्याखाली ठेवायचा. हे जमायला मला पंधरा वर्षे लागली."

"आणि एवढे करून," तबलजींनी पुस्ती जोडली, "बैठक संपल्यावर लोक गवयाच्या पाया पडतात आणि यांना विचारतात, 'ही पेटी केवढ्याला घेतली?'"

दोघेही वृद्ध मनमोकळे हसले. तबलजींनी सारा जन्म एका कचेरीत कारकुनी केली होती आणि त्याची त्यांना लाज नव्हती. नुसत्या कलेवर घर चालत नाही, हे त्यांच्या पिढीने लवकर ओळखले. डॉ. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. तेही पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करीत होते. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'तील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांचे नाव घरोघर पोहोचले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस वर्षांचे होते. आज सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला त्यांचे नाव आहे. साथीदारांच्या नावाची सभागृहे मात्र फारशी आढळत नाहीत.

"तर मग पेटी सोडून सारंगी का नाही शिकलात?" मुलगा आपला हट्ट सोडीना.

या प्रश्नावर मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोडणार होतो. पण याच नागपुरात १९२९ साली मनोहर चिमोटे जन्मले. तेही पेटीच वाजवीत. भीष्मदेव वेदींची तालीम त्यांना मिळाली. साथीला बसणारी पेटी त्यांनी बैठकीच्या मधोमध आणली आणि तिच्यावर एकट्याने राग मांडला. तिला स्वरमंडळाच्या तारा जोडून तिचे नाव 'संवादिनी' ठेवले. पट्ट्या बाराच होत्या, बरे का! पण भात्यावरचा त्यांचा हात असा, की स्वर कोठे सुरू झाला आणि कोठे विरला, ते समजू नये. ते ऐकले आणि वाटले, दोष वाद्यात आहे हे खरे. परंतु आपल्या हातात अजून पुष्कळ करण्यासारखे उरले आहे. २०१२ मध्ये ते गेले. माझ्या हातून तेवढे काही झाले नाही. मी साथीलाच राहिलो."

शेवटचे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. तबलजींचा पंखा मात्र क्षणभर थांबला.

बाहेर ऊन किंचित कलले होते. सायंकाळी शेजारच्या मंदिरात भजन होते आणि पेटी तोवर सज्ज व्हावयास हवी होती. मास्तरांनी एक सूर बाहेर काढला. सूर चढवावयाचा असेल, तर जिभेचे टोक खरवडायचे. उतरवायचा असेल, तर मुळाशी खरवडायचे. एका घाशीत केसाएवढे पितळ निघते. आणि गेलेले पितळ परत येत नाही. त्यांनी कानशी दोनदा फिरवली, सूर जागेवर बसवला, मुलाला भाता धरावयास सांगितला आणि पंचमाची पट्टी दाबली.

"ऐक. षड्जाशी जुळतो का?"

मुलाने डोळे मिटले. तबलजींनीही मिटले. वाड्यात तो एकच स्वर भरून राहिला.

"थोडा चढा आहे, मास्तर," मुलगा भीतभीत म्हणाला.

मास्तरांनी तबलजींकडे पाहिले. तबलजींनी होकारार्थी मान डोलावली. तेव्हा मास्तरांनी तो सूर पुन्हा काढला आणि कानशी मुलाच्या हाती दिली.

"मुळाशी," ते म्हणाले, "आणि अगदी हलक्या हाताने."