सासूबाईंचा भात

बारीक माणूस म्हणजे निरोगी माणूस, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्यावर कधी विचारच केला नाही. स्वतःला त्याच मापाने मोजलं, घरातल्यांनाही. त्यातून जे घडलं त्याचा त्रास मला कमी झाला आणि सासूबाईंना जास्त, म्हणून ते लिहायला इतका वेळ लागला.

आमचं घर अलिबागजवळ नागावला, वाडीत. जून २०२०च्या निसर्ग वादळात सुपाऱ्या आणि माड आडवे झाले. आधीच लॉकडाउन, त्यात ही पडझड. त्या काळात माझं वजन वाढलं. पुढे नात्यातल्या एका लग्नाचे फोटो आले तेव्हा मी फक्त माझे दंड आणि हनुवटी पाहत राहिले. फोटोत माझ्या शेजारी कोण उभं होतं, तेही मला सांगता आलं नसतं.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कीटो, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, सुरू केला. भात, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सगळं बंद. कांद्याच्या हंगामात अलिबागच्या रस्त्यांवर पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकायला लागल्या, तर तोही गोड म्हणून वर्ज्य. दारात मांदेली यायची आणि मी बाजारातून चीज घेऊन यायची. सुरुवातीला वजन भराभर उतरलं. शरीरात साखरेचा साठा म्हणून असलेलं ग्लायकोजेन संपलं की त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जातं. काट्यावर दिसत होतं ते बरंचसं ते पाणी. हा आहार मुळात १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला गेला होता, हेही मी फार उशिरा वाचलं. तेव्हा मात्र लोक म्हणत होते, "काय गो, किती बारीक झालीस!" आणि मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं. पुढे केस गळायला लागले, जिना चढताना पाय थरथरायचे. ते मी कुणालाही सांगितलं नाही.

इथवर माझ्या शरीराचा प्रश्न होता. पण सासूबाईंना मधुमेह आहे. अंगाने काटकुळ्या, वाडीत दिवसभर वावरणाऱ्या, आणि तरी मधुमेह. माझ्या मनात उत्तर तयार होतं: भात. आधी त्यांचा रात्रीचा भात काढला, मग रात्रीचं जेवणच. सोळा तास पोट रिकामं राहिलं की साखर आपोआप उतरेल, असं मी ठामपणे सांगत होते.

त्या म्हणाल्या, "अगो, गोळी घेतली की जेवायलाच हवं, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

मी म्हटलं, "आई, ते जुनं झालं आता."

त्यांनी ऐकलं. सून शिकलेली आहे, एवढ्या भरवशावर ऐकलं.

एका पहाटे त्या घामाने निथळत होत्या. माझं नाव घेता येत नव्हतं, शब्द अडखळत होते. गिळता येत होतं म्हणून नवऱ्याने साखरेचं पाणी पाजलं आणि आम्ही दवाखाना गाठला. त्यांची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. पोटात अन्न असो वा नसो, ती आपलं काम करतेच, आणि उपाशीपोटी त्यांची साखर फार खाली गेली होती. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोळी चालू ठेवून जेवण कुणी बंद केलं?" नवरा माझ्याकडे बघत होता. उत्तर मीच दिलं.

त्यानंतर मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाबद्दल वाचलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळंही वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी राखून असलेली, हे याज्ञिक यांच्या पाहणीत दिसलं होतं. सासूबाईंच्या काटकुळेपणाकडे बघून त्यांच्या रक्ताबद्दल काहीच कळणार नव्हतं. माझ्या दंडांकडे बघूनही माझ्याबद्दल फारसं कळणार नव्हतं.

भाताबद्दलची माझी शंका पूर्ण खोटी होती असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या ताटात भाताचा ढीग आणि कडेला दोन मांदेली, असंच चालत आलं होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनातही दिवसाच्या ऊर्जेतला धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये, असं आहे. पण भात कमी करणं, आणि औषधावर असलेल्या बाईला डॉक्टरांना न विचारता उपाशी ठेवणं, यातला फरक मला कळायला हवा होता. आता भात वाटीने घेतो. वाल, मासे, पालेभाजी जास्त. डॉक्टरांनी गोळीही बदलून दिली.

सासूबाईंनी मला कधी बोल लावला नाही. पण भात वाढून घेताना त्या अजूनही आधी माझ्याकडे बघतात. "आई, घ्या ना," मी म्हणते, मगच त्या घेतात. ही सवय त्यांना मी लावली, आणि अजून मला ती मोडता आलेली नाही.