सालबर्डीची मुरमी वाट

मोर्शीत कुठेही उभे राहा, उत्तरेला सातपुडा दिसतो. ईदगाहवर सफेत उभे राहिलो की तो आमच्या उजव्या हाताला असतो. इतका जवळ, आणि तरी गेल्या दहा वर्षांत आम्ही त्याच्या पायथ्याशी गेलो ते दोन-तीनदाच. तेही पाहुणे आले म्हणून, गाडीत बसून. या हिवाळ्यात मात्र आम्ही चौघे, म्हणजे आम्ही नवरा-बायको, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा, सायकलींवर सालबर्डीला जाऊन आलो. डांबरी सडक शक्य तिथे सोडली आणि शेतांमधल्या मुरमाच्या पांदण रस्त्यांनी गेलो.

सुरुवात मुलाच्या मोबाईलपासून झाली. किरगिझस्तानच्या डोंगरांत २०१८ पासून सायकलींची एक शर्यत होते. कच्च्या वाटांवर सतराशे किलोमीटरहून अधिक अंतर, सोबत मदतीची गाडी नाही, आपले सामान आपणच वाहायचे. मोरोक्कोच्या अ‍ॅटलस पर्वतातही २०२० पासून तशीच शर्यत भरते. अशा वाटांसाठी ग्रॅव्हल बाइक नावाची वेगळी सायकल मिळते. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वाकलेले, पण टायर चांगले रुंद. गिट्टी, मुरूम, माती, सगळीकडे चालणारी. मुलाने विचारले, "आपल्याकडे अशी वाट नाही का?"

उत्तर खाटेवरून अब्बांनी दिले. "आहे की. मी तीस वर्षं त्याच वाटेवर होतो."

खरेच होते. अब्बा मनिहारी सामानाची फेरी करत. काळी २८ इंची सायकल, मागे लाकडी पेटी, पेटीत बांगड्या, फण्या, रिबिनी, सुया-दोरे. फजर पढून निघायचे, सालबर्डीपर्यंत सायकल चालवायची, पुढे घाटात ती हाताने ढकलायची आणि पलीकडे बैतुल जिल्ह्यातल्या गोंड-कोरकू वस्त्यांवर माल विकायचा. गिअर नाही, हेल्मेट नाही. त्या फेरीच्या पैशांवर आम्ही भावंडे शिकलो. त्याला मोहीम म्हणतात हे आम्हाला किरगिझस्तानचा व्हिडिओ पाहून कळले.

वाट ठरली, पण घरात एक गाठ होती. मुलीची सायकल दोन वर्षांपासून जिन्याखाली पडून होती. अम्मीचे म्हणणे, "मुलगी मोठी झाली, आता सायकल कशाला?" अम्मीला दोष देणे सोपे आहे, पण सायकल जिन्याखाली ठेवणारे हात आमचेच होते. शाळेच्या पालकसभेत आम्ही सांगतो की मुलीची सायकल काढून घेऊ नका, ती गेली की हळूहळू शाळाही जाते. राज्यातल्या काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, त्या याच कारणाने. हे सगळे दुसऱ्यांना सांगून आम्ही घरी येत होतो आणि जिन्याखाली बघत नव्हतो. त्या दिवशी अब्बांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "तिच्या ब्रेकचे रबर बघून घ्या, सुकले असेल." रबर खरेच सुकले होते. दुसऱ्या दिवशी बदलले.

एका रविवारी फजरनंतर निघालो. सोबत पंप, पान्हा, पंक्चरचे सोल्युशन, पाणी, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि जानमाज. पाळा गावाच्या बाजूने सडकेने सालबर्डी आठ-नऊ किलोमीटर. पांदणीने फिरत गेले तर थोडे जास्त. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची तोड संपली होती, मृग बहाराची फळे अजून हिरवी होती. आपल्या वऱ्हाडाची काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणूनच पांदणीवर मुरूम टाकतात. हा मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला काळा खडक. ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत तो घट्ट बसलेला असतो. सायकलीला हेच दिवस चांगले.

घट्ट असतो, पण सगळीकडे नाही. एका नाल्याच्या उतारावर सुटा मुरूम होता. मुलीने पुढचा ब्रेक दाबला, चाक घसरले आणि ती आडवी झाली. कोपर सोलले, हँडल वाकडे झाले. आमच्या मनात दोनच गोष्टी आल्या. इथूनच परत फिरावे, आणि अम्मीला काय सांगावे. तोवर ती उठली होती. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून तिने हँडल सरळ केले. कोणी शिकवले, विचारले तर म्हणाली, "दादांनी. काल." निघताना अब्बांनी तिला आणखी एक गोष्ट बजावली होती, "उतार पे अगला ब्रेक मत मारना." ती विसरली होती. चूक आमचीही होती. डांबरी सडकेच्या हिशोबाने आम्ही टायर टणक भरले होते. मुरमावर टायर थोडा मऊ हवा, म्हणजे तो खड्यांवरून उसळत नाही, जमीन धरतो. अगदीच मऊ केला तर दगडावर आपटून ट्यूब कापते. अंगठ्याने दाबल्यावर जरासा दबेल इतकी हवा ठेवली आणि पुढे निघालो. उतारावर मागचा ब्रेक हलकेच, वजन मागे, वळणाआधीच वेग कमी. बाकीची वाट कोणी पडले नाही.

सालबर्डी जवळ आली की जमीन बदलते. काळ्या खडकाऐवजी फिकट, वाळूचा दगड दिसू लागतो. इथे जमिनीला मोठा तडा गेलेला आहे, त्यामुळे खालचे जुने थर वर आले. या परिसरातल्या थरांत डायनासोरचे जीवाश्म सापडले आहेत. गरम पाण्याचा झराही याच तड्यामुळे. गावाचा काही भाग महाराष्ट्रात, काही मध्य प्रदेशात. डोंगरातल्या गुहेत महादेवाचे ठाणे आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. यात्रेत अब्बांची पेटी दुपारपर्यंत रिकामी व्हायची.

माडू नदीच्या काठावर बसून भाकरी खाल्ली. नदीच्या पाण्याने वुजू केला आणि जुहर अदा केली. मुलाने विचारले, "प्रवासात आहोत, मग कसर ना?" नाही. हनफी आलिमांच्या प्रचलित हिशोबाने त्यासाठी साधारण ७७ किलोमीटरचा प्रवास लागतो. आम्ही तर घराजवळच होतो. चार रकातच पढलो. कुरआन माणसाला जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात पाहायला सांगते. कोट्यवधी वर्षांच्या त्या दगडावर सजदा करताना ती गोष्ट वर्गातल्या धड्यापेक्षा जवळची वाटली.

पुढचा घाट आम्ही चढलो नाही. जंगल आहे, बिबट्याचा वावर असतो, आणि मुले सोबत होती. असरच्या आत घरी पोहोचलो.

कुणाला निघायचेच असेल तर मोर्शीहून आणखी दोन दिशा आहेत. नवख्यांनी आधी सिंभोऱ्याला जावे. १३ दरवाजांचे अप्पर वर्धा धरण आणि त्याचा जलाशय, रस्ता बराचसा सपाट. दमदार मंडळींसाठी चांदूर बाजार, परतवाडा आणि चिखलदरा. वर सुमारे अकराशे मीटर उंची आणि पुढे गाविलगड. बहामनी सुलतान अहमदशाह वलीने १४२५ च्या सुमारास बांधलेल्या या किल्ल्यात जुनी मशीद आजही उभी आहे. ते एका दिवसाचे काम नाही. आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालू नये. तिथली वाट आधी वाघाची आहे.

घरी आल्यावर अम्मीने मुलीचे कोपर पाहिले. काही बोलली नाही, हळद लावली. मग विचारले, "कोणत्या नाल्यात?" सांगितल्यावर म्हणाली, "तिथंच तुझे दादाही पडले होते. पेटीतल्या सगळ्या बांगड्या फुटल्या होत्या."

मुलगी आता शिकवणीला सायकलने जाते. जिन्याखालच्या जागेत अम्मीने कांद्याचे पोते ठेवले आहे.