कड्याच्या मुली पुण्याच्या वस्तुसंग्रहालयांत

आमचे कडा गाव बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात आहे, पण ओढ सारी नगरकडे. बाजार नगरला, दवाखाना नगरला, आणि नगरच्या पुढे शिकायचे म्हटले की पुणे. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टी ते नगर रेल्वे सुरू झाली, तिचे स्टेशन कड्यालाही आहे. तरी पुण्याला निघताना आमची माणसे अजून एस.टी.च धरतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून तर विचारायलाच नको.

आम्ही तिघी २०२३ साली शिकायला पुण्यात आलो. तिघींचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. पहिले चार महिने कॉलेज, खोली आणि डबा एवढेच पुणे आम्हाला ठाऊक होते. रविवारी काय करायचे हा प्रश्न होता. सिनेमाला पैसे पडतात, बागेत किती बसणार? मग एकीने सुचवले की एक वही घालू, दर महिन्याला एक ठिकाण पाहू आणि त्यात लिहून ठेवू. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही खर्चाचे कोष्टक आखले होते. ते दुसऱ्याच महिन्यात बंद पडले, वही मात्र चालू राहिली. या पानाच्या वाचकांच्या लेकीही आज शहरांतून शिकत आहेत, म्हणून त्या वहीतले थोडे येथे देत आहोत.

खरे म्हणजे आमचे पहिले संग्रहालय हा नगर रस्ताच होता, हे आम्हाला उशिरा कळले. खुद्द नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरारबाई मुलींची शाळा चालवीत. ती शाळा क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि पुण्याला परतून १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंनी शिकवण्याचे धडे याच फरारबाईंकडे नगरला गिरवले. म्हणजे मुलींची विद्या नगरहून पुण्याला ज्या दिशेने गेली, त्याच दिशेने आमची एस.टी. जाते. हे वाचले त्या दिवशी आम्ही तिघी बराच वेळ गप्प होतो. नगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरूंना १९४२ ते १९४५ कैदेत ठेवले होते आणि तेथेच त्यांनी आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला, हे शाळेच्या पुस्तकात होते. फरारबाईंचे नाव आमच्या पुस्तकात नव्हते. नगरला रणगाड्यांचेही संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेले. दोन्ही महायुद्धांतली चिलखती वाहने तेथे मांडली आहेत. धाकट्या भावांना न्यायला उत्तम. आम्हाला तासाभरात कंटाळा आला.

पुढे शिरूर, शिक्रापूर मागे पडले की भीमा नदी आणि पेरणे फाट्याचा विजयस्तंभ येतो. त्याबद्दल या पानाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? १ जानेवारी १८१८ ची लढाई, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी दिलेली भेट, हे घरोघरी माहीत आहे. आमचे म्हणणे एवढेच की एक जानेवारीच्या गर्दीत स्तंभ नीट पाहता येत नाही. एखाद्या साध्या दिवशी उतरावे आणि दगडावरची नावे सावकाश वाचावीत. ‘नाक’ प्रत्ययाची बावीस नावे तेथे आहेत. शिपायाचे नाव दगडावर कोरलेले आम्ही तेथेच प्रथम पाहिले, आणि तेव्हापासून कुठेही गेलो तरी नावे शोधायची खोड आम्हाला लागली.

त्याच रस्त्यावर पुण्यात शिरताना आगाखान पॅलेस लागतो. १८९२ साली बांधलेला हा महाल. गांधीजी १९४२ ते १९४४ तेथे स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांचा अंत तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी झाला. बाग मोठी आहे, महाल शांत आहे. पण आमचे लक्ष पलीकडच्या येरवडा कारागृहाकडे होते. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार त्या भिंतींच्या आत झाला. बाहेरून पाहण्यासारखे काही नाही. तरी आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहून भिंत पाहिली.

सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिस संस्थेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय व स्मारक आहे. माईसाहेब आंबेडकरांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू त्यांनी संस्थेच्या हवाली केल्या, आणि १९९६ साली स्तूपासारख्या घुमटाची ही वास्तू लोकांसाठी खुली झाली. १९९० साली मरणोत्तर दिलेले भारतरत्न तेथे आहे. बाबासाहेबांचे कपडे, खुर्च्या, पलंग, व्हायोलिन आहे. आम्ही गेलो ते पुस्तके पाहायला मिळतील या आशेने, आणि अडकलो ते खुर्चीपाशी. लहानपणापासून विहारातल्या फोटोत बाबासाहेब उभे किंवा बोट दाखवीत असलेले पाहिलेले. माणूस खुर्चीत टेकतो, थकतो, उतारवयात व्हायोलिन शिकू पाहतो, हे कधी मनात आलेच नव्हते. त्या दिवशी वहीत फार थोडे लिहिले गेले.

एका रविवारी शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल धरली. वाटेत देहूरोडला उतरलो. तेथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. मूर्तीपुढे वंदन करून पुढची लोकल धरली आणि मळवलीला उतरलो. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. एका दिवसात दोन्ही होतात, फक्त सकाळी लवकर निघावे आणि भाकरी-पाणी बरोबर घ्यावे. भाजे येथे बावीस लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या काळापासूनची. भिक्खूंची दगडी शय्या पाहून आमच्यातली एक म्हणाली, “आपल्या खोलीपेक्षा जागा जास्त आहे.” कार्ल्याचे चैत्यगृह मात्र हसू बंद करते. सुमारे पंचेचाळीस मीटर लांब, आणि छताच्या कमानीतली लाकडे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, अत्तरे विकणारा आहे, आणि धेनुकाकट गावचा सामी नावाचा एक सुतार आहे, ज्याने दार घडवले. राजाचे नाव राहते, यात नवल नाही. येथे सुताराचे राहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, अशोक विजयादशमीनंतरच्या एका रविवारी, आमच्यातल्या एकीची आई पहाटेच्या एस.टी.ने एकटीच पुण्यात आली. तोळामासा तब्येतीची बाई, हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ती लेकीला न्यायला आली होती. मुकादमाची उचल घेऊन झाली होती, दिवाळी झाली की टोळी निघणार होती आणि त्याआधी एक स्थळ आले होते. मुलगा बरा, मागणी काही नाही. “पाच-सहा महिने आम्ही फडावर. हिच्याकडं ध्यान कोण देणार? बाप म्हणतोय उरकून टाकू,” असे तिने चहा पिताना सांगितले. लेक काही बोलली नाही. संध्याकाळच्या गाडीने दोघींनी निघायचे असे ठरून गेले.

दिवस तर घालवायचा होता. आम्ही म्हटले, मावशी, चला, पुणे दाखवतो.

आधी गंज पेठेत फुले वाड्यावर गेलो. कौलारू छप्पर, सारवल्यासारखी अंगणाची शांतता. मावशी थेट आत न जाता आडाकडे वळल्या. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचे पाणी अस्पृश्यांना खुले केले, हे आम्ही सांगितले. त्यांनी वाकून आत पाहिले आणि विचारले, “आणि लोकांनी भरलं का?” हा प्रश्न आम्ही तिघी तीन वेळा तेथे जाऊनही आम्हाला सुचला नव्हता. पाणी खुले करणाऱ्याचे नाव आपण घेतो; पहिली घागर घेऊन आत येणाऱ्या बाईला किती धीर लागला असेल, ते पाणी भरलेल्या बाईलाच आठवते. जोतीरावांना आपला देह मिठात पुरला जावा असे वाटत होते, पण परवानगी मिळाली नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि त्यांच्या अस्थी येथे ठेवल्या, हेही सांगितले. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

भिडे वाडाही दाखवायचा होता, पण तेथे आता जुना वाडा नाही. न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती पडकी इमारत उतरवली आणि तेथे राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरले. “रिकामी जागाच हाय का? मग पुढं बघू,” म्हणून मावशींनी विषय मिटवला.

तेथून बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या, वीस हजारांवर, आणि १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. एका वेळी त्यांतल्या थोड्याच मांडता येतात. अडकित्ते घोड्याच्या आकाराचे, पाय घासायच्या वज्रीवर पितळेचे पक्षी, दौती, कुलुपे, वाद्ये, आणि दिवे तर किती तऱ्हांचे! आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पाट्या वाचीत फिरलो होतो. मावशींनी एकही पाटी वाचली नाही. त्यांनी वस्तू ओळखल्या. हे कशाला, ते कसे धरायचे, या भांड्याला कल्हई नसली तर आंबट कसे कळकते, हे त्या सांगत गेल्या. शेजारी एक शहरी कुटुंब होते, त्यांची मुलेही आमच्याबरोबर ऐकत चालू लागली.

दिव्यांच्या दालनात मावशी थांबल्या. “एवढे दिवे ठेवलेत. आमच्या कोपीतली रॉकेलची चिमणी कुठंय?” म्हणाल्या. मुले हसली, आम्हीही हसलो. पण प्रश्न खोटा नव्हता. सुबक ते जपले जाते. डब्याच्या पत्र्याची चिमणी, मुठीला चिंधी गुंडाळलेला कोयता, मोळी बांधायचे वाढे, यांना काच कोण लावणार? केळकरांनी निदान घरातल्या बाईच्या हातातल्या वस्तू जमवण्यासारख्या आहेत हे ओळखले, याचे मोल आम्ही कमी करीत नाही. चिमणीचे काम आता आपल्याच माणसांनी करायचे राहिले आहे.

बाहेर पडताना एकीने राजाची गोष्ट सांगितली. मावशी पायरीवर बसल्या. त्यांचा एक मुलगा चार वर्षांचा असताना फडावर तापाने गेला होता. त्याचा फोटोसुद्धा नाही, हे आम्हाला लेकीकडून ठाऊक होते. मावशींच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तेव्हाही त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. “पोराच्या नावानं एवढं केलं त्या माणसानं,” एवढेच म्हणाल्या.

तेथेच पायरीवर भाकरी सोडली. खाऊन झाल्यावर आम्ही सवयीने वही काढली. मावशींनी ती हातात घेऊन पाने उलटली आणि विचारले, “यात माझं लिहिलं तर चालंल का?” त्या तिसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या, पुढे धाकट्यांना सांभाळायला आईबापांनी कोपीवर नेले. उचल घेताना नवरा सही करतो, बायकोचे नाव कागदावर येतच नाही. एका कोयत्यात दोघे धरतात. त्यांनी पेन घट्ट धरून आपले नाव लिहिले. मग नवऱ्याचे नाव न लिहिता बापाचे लिहिले, आडनाव माहेरचे. एका वेलांटीपाशी अडल्या, ती लेकीने दाखवली. दिनांक आम्ही घातला.

संध्याकाळी स्टँडवर गाडी लागलेली होती. लेकीने आपली पिशवी भरून आणली होती, ती खांद्यालाच होती. मावशी चढल्या, खिडकीजवळ जागा धरली आणि वाहकाला म्हणाल्या, “एक अर्धं द्या, कड्याचं.”

आम्ही तिघी खाली उभ्या. लेकीच्या तोंडून शब्द फुटेना. मावशी खिडकीतून वाकल्या.

“बापाशी मी बोलते. तू दिवाळीला ये आणि परत जा. आणि ते बाबासाहेबांच्या खुर्चीचं राहिलं की आज! मार्चात पट्टा पडला की येते, तवा दाखवा.”