झाडाचा धनी

रोह्यात भाच्याबरोबर ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळाचा पाचवा भाग खेळताना आमची मोहीम बहुधा डोंगरांपाशी अडते. 2010 साली आलेल्या या खेळात एका षट्कोनी घरात एकच लष्करी तुकडी मुक्काम करू शकते. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत फौज घातली, की पुढची तुकडी हलेपर्यंत मागची खोळंबते आणि टेकडीवरचे तिरंदाज एकेकीला टिपत राहतात.

हा डाव आमच्या मुलखाने खरा पाहिला आहे. मुघल सुभेदार शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान पुण्याकडून घाट उतरून कोकणात येत होता. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजी महाराजांनी त्याला खोपोली-पाली रस्त्याजवळच्या उंबरखिंडीत गाठलं. पुढची वाट रोखलेली, मागे घाट, दोन्ही अंगांना दाट रान, आणि फौज पाण्यावाचून तहानलेली. खंडणी भरून, सामान तिथेच टाकून खानाला परतावं लागलं. चावणीजवळच्या स्मारकापाशी भाच्याला नेलं, तेव्हा मावळे कुठे दबा धरून बसले असतील हे तो भराभर दाखवू लागला. भूगोल शिकावा तर या खेळाकडून, असं मला मनापासून वाटतं.

सैन्य उभं करण्याची खेळाची रीत मात्र मला पटत नाही. शहराच्या कामांच्या यादीत जहाज लावायचं. लवकर हवं असेल तर कामगाराला शेजारचं जंगल तोडायला सांगायचं. तोड संपली की लाकूड उत्पादनात जमा होतं आणि जहाज काही फेऱ्या आधीच पाण्यात उतरतं. ते रान कुणाचं होतं, हे खेळ विचारतच नाही.

मराठा राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांनी ते विचारलं होतं. 1715च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात ते आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानतात, आणि तरीही लाकडाला मर्यादा घालतात. सागवानासारखं लाकूड राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावं, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही जहाजांच्या कामाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती मुळीच नको. आरमाराच्या खर्चासाठीही ठरावीक मुलखाचं उत्पन्न नेमून द्यावं, असं ते सांगतात. बंदरातल्या आवकीवर आरमार पोसलं तर सावकार त्रासतो आणि व्यापार बुडतो.

परसात कलम लावून पहिल्या मोहराची वाट पाहिलेल्या आमच्याकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. युद्धाची घाई असतानाही झाडाच्या धन्याला विचारायचं, हा नियम मला उंबरखिंडीच्या विजयाइतकाच मोठा वाटतो. शाळेत आम्हाला लढाया शिकवल्या, हा नियम कुणी शिकवला नाही.

पेण-रोह्याच्या ज्या मुलांना स्वतःचे खेळ बनवायचे आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. मराठ्यांच्या आरमारावर खेळ केलात, तर त्यात झाड तोडण्याआधी धन्याची संमती आणि झाडाची किंमत मागणारा नियम जरूर घाला.