भूकंपानंतरचा चहा

परदेशी चित्रपटांविषयीं परभणी जिल्ह्यांतील एका निवृत्त शिक्षकानें मत द्यावें, हें कित्येकांस विनोदाचें वाटेल. परंतु मत देण्यास डोळे लागतात, राजधानींतला रहिवास लागत नाहीं. १९९० नंतरच्या चार वर्षांत जगांत जे चित्रपट निघाले, त्यांपैकीं तीन आमच्या मनांत घर करून राहिले आहेत. दोन अमेरिकेचे, एक इराणचा. त्यांची तुलना करून आम्हांस काय वाटतें, तें वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेचे दोन्ही चित्रपट स्टीव्हन स्पीलबर्ग या एकाच दिग्दर्शकाचे, आणि दोन्ही १९९३ सालचे. ‘जुरासिक पार्क’ १९९४ मध्यें हिंदी भाषेंत भारतांत आला, आणि इंग्रजीचें नांव काढतांच पळणारे आमचे विद्यार्थी आठवडाभर डायनासोरखेरीज दुसरें बोलेनात. अद्भुत आणि भयानक हे दोन रस त्यांत उत्तम साधले आहेत. पण टॉकीजच्या बाहेर पडल्यावर त्यांतलें फारसें बरोबर येत नाहीं. ‘शिंडलर्स लिस्ट’ ही त्याच हातची, पण निराळ्या मनाची कृति. हिटलरच्या अमलांत ज्यूंचा जो संहार झाला, त्यांतून हजारांहून अधिक जीव वांचविणाऱ्या एका जर्मन कारखानदाराची ही कथा. १९९४ मध्यें तिला सात ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. ती आम्हीं पुष्कळ वर्षांनीं मुलाच्या संगणकावर पाहिली, आणि त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

धनंजयाच्या दशरूपकांत, रंगभूमीवर वध प्रत्यक्ष दाखवूं नये, असा नियम सांगितला आहे. स्पीलबर्गनें तो मोडला. आणि तो मोडला हें योग्यच केलें, असें आमचें मत आहे. जेथें माणसानें माणसास मारलें, तेथें दाखविणें ही साक्ष होय. झांकणें म्हणजे मारणाऱ्यास साह्य करणें. पण जेथें पृथ्वीच मारते, तेथें आरोपीच्या पिंजऱ्यांत कोणास उभें करावयाचें? तेथें प्रेतांचें प्रदर्शन कोणाच्या कामाचें?

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तिसऱ्या चित्रपटांत मिळालें. अब्बास कियारोस्तामी या इराणी दिग्दर्शकानें १९८७ सालीं एका शाळकरी मुलाची कथा चित्रित केली होती. चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करण्यासाठीं हा मुलगा शेजारच्या गांवीं त्याचें घर शोधीत हिंडतो. कारण वहीवांचून मित्र वर्गांत आला, तर मास्तर त्याला शाळेंतून काढणार! त्यांतलीं मुलें त्याच भागांतलीं होतीं. १९९० च्या जूनमध्यें तो प्रदेश भूकंपानें उद्ध्वस्त झाला. तीस हजारांहून अधिक माणसें गेलीं. तीं मुलें वांचलीं कीं नाहीं, हें पाहण्यास कियारोस्तामी निघाला, आणि त्या शोधावर त्यानें १९९२ मध्यें हा चित्रपट काढला.

त्यांत एक दिग्दर्शक आपल्या लहान मुलासह मोटारींतून जातो आणि भेटेल त्याला त्या मुलांविषयीं विचारतो. मृतांचें प्रदर्शन कोठेंच नाहीं. दशरूपकानें दूरचा प्रवासही वर्ज्य सांगितला आहे. तो मात्र येथें आरंभापासून शेवटपर्यंत आहे! वाटेंत कोणी फुटबॉलचा सामना पाहावयास मिळावा म्हणून दूरदर्शनसंचाची काठी उभारीत असतो; कोणी, असंख्य आप्त गेले असतांही, दुसऱ्याच दिवशीं लग्न करून संसारास लागलेला असतो.

पुष्कळांस हें विपरीत वाटेल. मराठवाड्याच्या माणसास तें वाटूं नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आम्ही विसरलों नाहीं. गणपतिविसर्जन करून लोक झोंपले होते. किल्लारीच्या परिसरांत, लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. आमच्या शाळेंत शिकलेली एक मुलगी औसा तालुक्यांत दिली होती. ज्वारीचीं पोतीं घेऊन निघालेल्या मालमोटारींतून आम्हीही गेलों आणि पालापालाशीं तिचें नांव घेत विचारीत हिंडलों. ती भेटली. तिची सासू आणि धाकटें मूल गेलें होतें. पत्र्याच्या आडोशाला ती तीन दगडांची चूल मांडीत होती. आम्हांस पाहून तिनें पदर सांवरला आणि म्हणाली, “गुरुजी, बसा. चहा टाकतें.” बरोबरचे एक गृहस्थ हळूच पुटपुटले, “हिला दुःख तरी आहे कीं नाहीं?”

त्या वेळीं आम्हांस शब्द सुचला नाहीं. आज सांगतां येतें. शोक हा करुणाचा स्थायी भाव आणि उत्साह हा वीराचा, असें साहित्यशास्त्र सांगतें. त्या मुलीच्या ठायीं दोन्ही एकदम उभे होते. छायाचित्रें घेणाऱ्यांस ढिगारा दिसला. चूल दिसली नाहीं. कियारोस्तामीला चूल दिसली, म्हणून तिघांमध्यें आम्ही त्याला वरचें स्थान देतों.

तीं मुलें सांपडलीं कीं नाहीं, हें चित्रपट सांगत नाहीं. शेवटीं ती मोटार एका चढावर अडते, मागें घसरते, पुन्हां चढते, आणि ओझें घेऊन पायीं चाललेल्या एका वाटसरूला आंत घेऊन पुढें जाते, इतकेंच. चित्रपटाचें फारसी नांव ‘जिंदगी व दीगर हीच’ असें आहे. फारसींत ‘हीच’ म्हणजे कांहीं नाहीं: जिंदगी, आणि दुसरें कांहीं नाहीं. निजामी अमलांतल्या आमच्या वडिलांना ‘जिंदगी’ आणि ‘दीगर’ हे शब्द घरचे होते. पण मराठी कानाला ‘हीच’ निराळें ऐकूं येतें. जिंदगी ती हीच, समोरची. दोन्ही अर्थ आम्हांस खरे वाटतात.

कोठें भूकंप, कोठें महापूर व्हावयाचेच. तेथें जाणाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, किती गेले हें जरूर विचारावें. पण त्याआधीं जे उरले त्यांची चूल पेटली कां, हें विचारावें, आणि कोणी चहा पुढें केला, तर तो नाकारूं नये.